हातावर पोट असलेल्या घरातील कुत्र्या-मांजरांचे उपचार: नागपुरात सुरुवात कुठून करावी आणि खेपा कशा वाचवाव्यात

आमचे घर वाठोड्याच्या बाजूला आहे आणि घरचा व्यवसाय कपड्यांना इस्त्री करून देण्याचा. काही वर्षांपूर्वी घरात एक पिल्लू आले, त्याचे नाव वाघ्या ठेवले. पहिली लस वेळेवर दिली. दुसऱ्या लशीची तारीख नेमकी लग्नसराईत आली, दुकान बंद ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून ती पुढच्या आठवड्यावर गेली आणि मग त्याच्याही पुढच्या. वाघ्या पार्व्हो या विषाणूच्या आजाराने चार दिवसांत गेला. लशीचे पैसे आमच्याजवळ होते, पण अर्ध्या दिवसाची रोजी बुडवण्याची तयारी नव्हती. त्यानंतर स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या प्राण्यांना घेऊन मी दवाखान्याच्या पुष्कळ खेपा केल्या आणि दरवेळी तेच पाहिले: आमच्यासारख्या घरातला उपचार पहिल्या खेपेला क्वचितच अडतो, तो अडतो दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला. म्हणून पुढील सूचना कमीत कमी खेपांमध्ये काम पूर्ण कसे करावे, या हिशेबाने लिहिल्या आहेत.

१. कुठे जायचे ते प्राणी निरोगी असतानाच ठरवा

नागपूरकरांच्या बाबतीत एक गोष्ट भाग्याची आहे. राज्याचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे आणि सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९५८ पासून चालू आहे. महाविद्यालयाला जोडलेल्या चिकित्सालयात कुत्री, मांजरे, गाई, बकऱ्या असे सर्व प्राणी तपासले जातात. हे शिकवण्याचे रुग्णालय असल्यामुळे प्राण्याला आधी विद्यार्थी पाहतात, प्रश्न विचारतात, तापमान घेतात आणि मग प्राध्यापक डॉक्टर येतात. यात वेळ जातो, परंतु तपासणी बारकाईने होते आणि खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च कमी येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटते की आपल्याला शिकाऊ मुलांच्या हाती सोपवले आहे. तसे समजून उठून जाऊ नका. त्याच मुलांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे माझ्या शेजारणीच्या कुत्रीचा आजार सापडला होता.

दुसरा पर्याय म्हणजे पशुसंवर्धन विभागाचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि विभागाचे इतर दवाखाने. वाडी, हिंगणा, कामठी अशा शहरालगतच्या भागात राहणाऱ्यांनी आपल्या जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोणत्या श्रेणीचा आहे, हे विचारून घ्यावे. श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात, तर श्रेणी २ च्या दवाखान्याचा कारभार परंपरेने पशुधन पर्यवेक्षकांकडे राहत आला आहे. जंताचे औषध किंवा साधी मलमपट्टी तेथे होऊ शकते, पण हाड मोडलेले कुत्रे घेऊन तेथे गेलात तर तुम्हाला पुढे पाठवले जाईल आणि एक खेप वाया जाईल. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर मिळणारे फिरते पशुवैद्यकीय पथक मुख्यतः गावांतील पशुधनासाठी आहे. घरी बकऱ्या असतील तर तो क्रमांक जरूर लिहून ठेवा, पण शहरातील कुत्र्यासाठी त्यावर विसंबून राहू नका.

प्राणिमित्र संस्था भटक्या आणि जखमी प्राण्यांसाठी धावून येतात, पाळीव प्राण्याला मात्र बहुतेक संस्था मालकाची जबाबदारी मानतात. म्हणून मदत मागताना कुत्रे तुमचे असूनही ते रस्त्यावरचे आहे असे सांगू नका. ही लबाडी लवकर उघडकीस येते आणि मग त्या संस्थेचे दार तुमच्या संपूर्ण गल्लीसाठी बंद होते.

एक सापळा आवर्जून सांगते. वस्तीत पिशवी घेऊन फिरणारा आणि ‘शंभरात इंजेक्शन’ देणारा माणूस तुम्हालाही भेटेल. आमच्याकडे असाच एक जण लस म्हणून काहीतरी टोचून गेला. बाटली दाखवली नाही, कागद दिला नाही. नियमानुसार प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाची राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि त्याच्या चिठ्ठीवर पदवी व नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक पाहण्यात संकोच बाळगू नका. शिवाय लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यातल्या नागपुरात कापडी पिशवीतून आलेली लस दुपारपर्यंत निकामी झालेली असण्याचीच शक्यता अधिक. मेडिकल स्टोअरमधून स्वतः लस विकत घेऊन खिशात घालून नेणाऱ्यांचीही हीच गत होते. न्यायचीच असेल तर बर्फ घातलेल्या थर्मासातून न्या.

२. निघण्याच्या आदल्या रात्रीची तयारी

एक प्लास्टिकची पिशवी किंवा फाईल कायमची या कामासाठी ठेवा आणि तिच्यात पुढील गोष्टी घाला:

• लसीकरणाचे कार्ड आणि जुने सर्व केसपेपर, फाटलेले असले तरी
• ज्याच्या नावाने केसपेपर काढायचा त्याच्या आधार कार्डाची प्रत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर प्रौढ व्यक्तीची सही लागते, म्हणून शाळकरी मुलाला एकट्याला पाठवू नये
• शिधापत्रिकेची प्रत. काही संस्था सवलत देण्यापूर्वी पिवळे किंवा केशरी कार्ड पाहतात
• चालू असलेल्या औषधांची रिकामी पाकिटे
• जुलाब किंवा जंतांची तक्रार असल्यास त्याच सकाळची थोडी विष्ठा, झाकणाच्या स्वच्छ डबीत
• झटके, खोकला, लंगडणे यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, कारण दवाखान्याच्या टेबलावर चढल्यावर प्राणी नेमका ठणठणीत वागतो

याखेरीज एका कागदावर आजार कधी सुरू झाला, शेवटचे खाणे कधी झाले, उलट्या किती झाल्या आणि घरी कोणते औषध दिले, हे लिहून न्या. घरी काही चुकीचे दिले असेल तर तेही लिहा. डॉक्टर रागावतील या भीतीने लोक ही गोष्ट लपवतात आणि विषबाधा ओळखण्यातला मोलाचा तास निघून जातो.

वजन माहीत असेल तर फार उपयोग होतो, कारण जंताचे औषध असो की भुलीचे, मात्रा वजनावर ठरते. पिल्लू किराणा दुकानाच्या काट्यावर मोजता येते. मोठ्या कुत्र्यासाठी आधी त्याला उचलून घेऊन स्वतः काट्यावर उभे राहा आणि मग त्यातून आपले वजन वजा करा.

३. नेताना

मार्च ते जून या काळात सकाळी आठच्या आत घरातून निघा. येथे पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या घरातून आधीच तापून निघालेला प्राणी रिक्षातच आडवा होऊ शकतो. सोबत पाण्याची बाटली आणि ओले फडके ठेवा. ऑटोवाल्याला कुत्रे सोबत आहे हे आधीच सांगा, पोते अंथरा आणि जाण्या-येण्याचे भाडे एकदमच ठरवा. मांजरीला हातात धरून नेऊ नका. भाजीच्या दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर पालथ्या ठेवून सुतळीने बांधल्या की उत्तम पिंजरा तयार होतो. शांत कुत्रेही दुखले की चावते, म्हणून जुन्या ओढणीची पट्टी तोंडाला बांधण्यासाठी जवळ असू द्या. मात्र धापा टाकणाऱ्या किंवा उलट्या करणाऱ्या प्राण्याचे तोंड बांधू नये.

लस पूर्ण न झालेले पिल्लू दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. पार्व्होचे विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतात आणि दवाखान्यात पार्व्होचे रुग्ण रोज येतात. पिल्लाला मांडीवर किंवा टोपलीतच ठेवा.

४. पैशाचे बोलणे तपासणीच्या आधी करा

आपल्याला याची लाज वाटते. मग तपासण्यांची यादी हाती पडल्यावर आपण ‘घरी विचारून येतो’ म्हणतो आणि परत जात नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच सरळ सांगा: ‘डॉक्टर, माझ्याजवळ आज इतके पैसे आहेत, यात आज काय केलेच पाहिजे आणि काय थांबू शकते ते सांगा.’ बहुतेक डॉक्टर या प्रश्नाचे नीट उत्तर देतात, कारण अर्धवट सोडलेल्या उपचारापेक्षा साधा पण पूर्ण झालेला उपचार त्यांनाही बरा वाटतो.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या. पहिली, औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहून द्याल का? कुत्र्या-मांजरांना दिली जाणारी काही प्रतिजैविके आणि उलटी-आम्लपित्ताची औषधे माणसांचीच असतात आणि ती जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. मात्रा अर्थातच डॉक्टरांनी लिहिलेलीच द्यायची. दुसरी, पुढची तपासणी फोनवर किंवा फोटो पाठवून होईल का? तिसरी गोष्ट सलाईनची. पार्व्होसारख्या आजारात तीन ते पाच दिवस रोज सलाईन लागते आणि रोज शहर ओलांडणे कोणालाच जमत नाही. अशा वेळी शिरेतील सुई काढून न टाकता तिच्यावर पट्टी बांधून पाठवाल का आणि सलाईनचा प्रकार व प्रमाण लिहून द्याल का, असे विचारा. डॉक्टरांना ते योग्य वाटले तर पुढचे दिवस तुमच्या घराजवळच्या नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे सलाईन चालू ठेवता येते. पट्टी कोरडी ठेवणे आणि कुत्र्याला ती चावू न देणे ही मात्र घरच्यांची जबाबदारी.

कोणाकडून वर्गणी गोळा करावी लागली तर पैसे आपल्या खात्यावर न मागता थेट दवाखान्याच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या बिलावर भरायला सांगा आणि पावत्या जपून ठेवा. पुढच्या वेळी याच पावत्या तुमची बाजू मांडतात.

५. लस आणि जंताचे औषध: तारखा चुकवायच्या नाहीत

कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस दिली जाते. हीच ती ‘सेव्हन इन वन’ किंवा ‘नाइन इन वन’ म्हणून ओळखली जाणारी लस, जी पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांपासून संरक्षण देते. ती तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला निष्प्रभ करू शकते; ही शक्ती नेमकी कधी ओसरते ते बाहेरून कळत नाही, म्हणून लस पुन्हापुन्हा द्यायची असते. वाघ्याच्या बाबतीत आम्ही नेमके हेच समजून घेतले नव्हते. एक लस झाली म्हणजे ‘थोडे तरी संरक्षण’ झाले असे आम्ही धरून चाललो होतो.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तशी, सामान्यतः दरवर्षी, द्यावी. मांजरींनाही ती द्यावीच लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. ६ जुलै आणि २८ सप्टेंबर या दोन तारखा लक्षात ठेवा. पहिल्या तारखेला १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला रेबीजची लस दिली होती, तर दुसरी तारीख पाश्चर यांच्या स्मृतिदिनाची असून ती जागतिक रेबीज दिन म्हणून पाळली जाते. या दिवसांच्या आसपास ठिकठिकाणी मोफत रेबीज लसीकरण शिबिरे होतात. महाविद्यालयात आठवडाभर आधी चौकशी करावी.

येथेच सर्वांत फसवा सापळा आहे. शिबिरात सहसा केवळ रेबीजची लस देतात. घरी आल्यावर सगळे म्हणतात, ‘आमच्या टायगरची लस झाली,’ आणि पार्व्होची लस कायमची राहून जाते. कार्डावर कोणती लस दिली ते पाहा, बाटलीवरचे लेबल कार्डावर चिकटवून घ्या आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

जंताचे औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी देतात. यासाठी वेगळी खेप लागत नाही. लशीच्या वेळीच पुढच्या दोन मात्रा लिहून घ्या आणि घरी द्या. ज्या घरात लहान मुले मातीत खेळतात तेथे हे औषध मुलांसाठीही महत्त्वाचे ठरते, कारण कुत्र्यांचे काही जंत माणसांच्या शरीरात शिरतात.

६. नसबंदी

मादी दोनदा व्याली की दहा-बारा पिल्लांचा प्रश्न उभा राहतो, एवढेच कारण नाही. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो. माज ओसरल्यावर काही आठवड्यांत कुत्री फार पाणी पिऊ लागते, सुस्त होते, कधी मागून घाण स्राव येतो. तेव्हाची तातडीची शस्त्रक्रिया नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि धोक्याची असते. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये संगातून पसरणारी जननेंद्रियावरील गाठही आपल्याकडे पुष्कळ आढळते. तिच्यातून ठिबकणारे रक्त लोक माजाचे समजतात. ही गाठ बहुधा पूर्ण बरी होते, पण त्यासाठी दर आठवड्याला एक इंजेक्शन, असे चार-सहा आठवडे जावे लागते. दोन इंजेक्शनांनंतर गाठ आक्रसली की घरचे जाणे थांबवतात आणि ती परत वाढते. हे उपचार सुरू करायचे असतील तर सगळ्या आठवड्यांच्या रिक्षाभाड्याची सोय लावूनच सुरू करा.

शस्त्रक्रियेची तारीख पावसाळ्यात घेऊ नका. एका खोलीच्या घरात टाके कोरडे ठेवणे तेव्हा अशक्य होते. उपाशीपोटी किती तास ठेवायचे ते डॉक्टर सांगतील, आणि ते घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आजी प्रेमाने पोळी घालते आणि दवाखान्यातून परत पाठवले जाते. विरघळणारे टाके घालता येतील का हे विचारा, म्हणजे टाके काढण्याची खेप वाचेल.

७. थांबू नये अशी लक्षणे

पिल्लाला उलट्यांसोबत रक्ताचे जुलाब, लघवी अडलेला बोका, पोट फुगून अस्वस्थ झालेले कुत्रे, झटके, मोडलेले हाड, आणि उन्हात जीभ-हिरड्या गडद लाल होऊन न थांबणारी धाप. या सगळ्यांसाठी त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला निघा. उष्माघातात निघण्यापूर्वी साधे पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. बर्फाचे पाणी वापरू नका.

अंगावर भरपूर गोचीड असलेले कुत्रे खाणे सोडून सुस्त झाले आणि हिरड्या फिक्या पडल्या, तर तो गोचीडताप असू शकतो. रक्ततपासणीने तो कळतो आणि लवकर कळला तर औषध साध्या गोळ्यांचे असू शकते.

८. घरी काय देऊ नये

माणसांची पॅरासिटामॉल मांजरीला एक गोळीसुद्धा मारक ठरते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यांच्या पोटाला व मूत्रपिंडांना घातक आहेत. खरजेवर जळके ऑइल लावण्याची रीत आमच्या भागात अजून आहे. कुत्रे ते चाटते आणि विषबाधा होते. जखमेत अळ्या पडल्या तर पेट्रोल किंवा फिनाइल ओतू नका. गोठ्यातले गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणे धोक्याचे आहे आणि त्यातील काही औषधे मांजरींसाठी प्राणघातक आहेत.

९. चावा किंवा ओरखडा

तुमच्याच पाळीव कुत्र्याने चावले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-मिरची काही लावू नका आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो (नागपुरातील दोन मोठी सरकारी रुग्णालये) किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. तेथे माणसांची रेबीज लस मिळते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण ते दहा दिवस संपेपर्यंत आपली लस थांबवायची नसते. भटक्या कुत्र्याने तुमच्या कुत्र्याला चावले असेल तर त्याचीही जखम धुवा, मात्र हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून, आणि चाव्यानंतरच्या लशींसाठी त्याला घेऊन जा. आधी लस झालेली असली तरीही. अकारण अंगावर येणारे, लाळ गाळणारे, घसा लुळा पडलेले जनावर दिसले तर तोंडात हाड अडकले असेल म्हणून हात घालू नका. त्याला बंद जागेत ठेवून महापालिकेला कळवा.

१०. गल्लीने मिळून जा

आता आमच्या गल्लीत सात घरांचे प्राणी आहेत. लशीची तारीख जवळ आली की एक छोटा टेम्पो ठरतो, भाडे वाटून घेतले जाते आणि दोन जण सगळे प्राणी घेऊन जातात. बाकीच्यांची रोजी बुडत नाही. ज्यांचे प्राणी दुसऱ्याच्या हाती पाठवायचे त्यांनी फाईल आणि एक सही केलेली चिठ्ठी द्यायची, आणि फोन चालू ठेवायचा. चावरा किंवा जुलाब लागलेला प्राणी मात्र या टेम्पोत घेतला जात नाही, त्याच्या मालकाने वेगळे जायचे. सगळ्यांच्या पुढच्या तारखा आमच्या इस्त्रीच्या दुकानातल्या कालनिर्णयावर लिहिलेल्या असतात. कपडे घ्यायला आलेला माणूस त्या आपसूक वाचून जातो.